आईच्या वहीतलं 'अबाइड विथ मी' आणि पेन्सिलीने खोडलेली एक ओळ

सदरची_लेक

सलाम मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आईला जाऊन चार महिने होतील. मागच्या रविवारी उपासनेहून आल्यावर तिची खोली आवरायला घेतली. पलंगाखालच्या लोखंडी ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात, दोन पांढऱ्या साड्या, नर्सिंगचा बिल्ला आणि एक दोनशेपानी वही निघाली. वहीला कव्हर एक्स-रेच्या जुन्या पाकिटाचं. आतल्या बाजूला अजून 'चेस्ट पी. ए.' असं कुणाच्या तरी अक्षरात दिसतं. आई तीस वर्षं एका मिशन दवाखान्यात होती, त्यातली निम्मी रात्रपाळीत.

वहीत नुसती गाणी. 'उपासना संगीत' हे आपलं मराठी गीतांचं पुस्तक घरात होतंच, त्यामुळे त्यातली फारशी नाहीत. ही इंग्रजी गाणी आहेत, पण सगळी देवनागरीत उतरवलेली. आईचं इंग्रजी कामापुरतं, औषधांची नावं आणि तापाचा तक्ता एवढंच. गाणी तिने कानाला लागतील तशी लिहून घेतली आहेत. सगळ्यात मळलेलं पान याचं: 'अबाइड विथ मी, फास्ट फॉल्स द ईव्हनटाइड'. अंगठा जिथे टेकतो तिथे कागद तुपकट झालाय.

हसू नका, पण बारावीपर्यंत मी या 'फास्ट'चा अर्थ उपास असा धरून चालले होते. गुड फ्रायडेला आईचा कडक उपास असायचा आणि संध्याकाळी ती हेच गुणगुणत भाताचं आधण ठेवायची. संध्याकाळ झाली, उपास सुटला, प्रभू आता तू जेवायला थांब, असं काहीतरी मी मनाशी जुळवलं होतं. इंग्रजीच्या मॅडमनी 'फास्ट म्हणजे इथे झपाट्याने' असं सांगितलं तेव्हा मला चक्क फसवल्यासारखं वाटलं.

आता मुद्द्याचं. या पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय:

१४ – दोन कडवी
६ – पूर्ण
२२ – फक्त चाल
९ – दोन कडवी
१४ – एकच

असं पानभर. गीतांचे नंबर म्हणावेत तर गाणं एकच आहे. शिवाय पहिल्या कडव्यातली तिसरी ओळ, 'व्हेन अदर हेल्पर्स फेल', पेन्सिलीने खोडलेली. आणि शेवटचं कडवं वहीत नाहीच, खाली जागा मोकळी सोडली आहे. ज्या बाईने अख्खी वही एक काना न चुकता लिहिली ती एवढंच का गाळेल? कुणाला काही सुचतंय का? आणि तुमच्याही घरात अशी गाणी असतील तर सांगा. मला हल्ली ती ऐकावीशी वाटतात आणि ऐकवतही नाहीत.

पेटीमास्तर

ताई, आईंना सलाम.

आधी गाण्याचं सांगतो. हेन्री फ्रान्सिस लाइट हे इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावर ब्रिक्सहॅम नावाच्या कोळ्यांच्या गावात पाळक होते. क्षयाने पोखरलेले. हे गीत १८४७चं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते नीस इथे (आजच्या फ्रान्समध्ये) वारले. हवापालटाला निघाले होते. मूळ कडवी आठ, आपण पाच गातो. आधार लूकच्या २४व्या अध्यायाचा. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना एक अनोळखी वाटसरू भेटतो, आणि ते त्याला आग्रह करतात की दिवस कलला, आता आमच्याकडेच राहा. तिथे ती साधी संध्याकाळ आहे, पाहुण्याला थांबवून घ्यायची. लाइटने ती आयुष्याची संध्याकाळ केली. म्हणजे तुमचं 'जेवायला थांब' शास्त्राच्या जास्त जवळचं होतं, कारण तो वाटसरू खरंच जेवायला बसतो आणि भाकर मोडताना त्याची ओळख पटते! मॅडमना सांगा.

आपण गातो ती चाल विल्यम हेन्री मंक यांची, १८६१ची. नाव 'ईव्हनटाइड'. पेटीवर वाजवायला सोपी आणि बिघडवायला त्याहून सोपी. चार आवाजांसाठी बांधलेली चाल आहे, आपले पेटीवाले एकाच सुरात ओढतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मुरकी घेतात. मीही घ्यायचो.

समासातल्या नोंदी मला संडे स्कूलच्या सरावाच्या वाटतात. नंबर म्हणजे मुलांचे हजेरी क्रमांक, कुणाला किती पाठ आहे ते.

कामठीकर

हे गाणं मला चर्चमधून नाही, बँडमधून मिळालं. वडील कामठीला लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटच्या सेंटरमध्ये होते. दर २९ जानेवारीला टीव्हीसमोर सगळ्यांनी बसायचं, दिल्लीतला लष्करी बँडचा कार्यक्रम, बीटिंग रिट्रीट. ही धून वाजली की मागून घंटांचा आवाज यायचा, आणि वडील खुर्चीतून उठून उभे राहायचे. घरात, बनियनवर. आम्ही हिंदू घर, त्यांना शब्द एक माहीत नव्हता. २०२२ला ती धून कार्यक्रमातून काढली आणि 'ऐ मेरे वतन के लोगों' घेतलं. तेही गाणं मोठंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वर्षी वडील उठले नाहीत, चहा घेऊन आत गेले.

गांधीजींच्या आवडत्या गीतांपैकी हे एक, हे सगळे सांगतात. दुसरं 'लीड काइंडली लाइट'. त्याचा नरसिंहराव दिवेटियांनी केलेला गुजराती अनुवाद 'प्रेमळ ज्योति' आश्रमात गायला जायचा. मूळ गीत न्यूमन या इंग्लिश धर्मगुरूंनी १८३३मध्ये जहाजावर लिहिलं. कॉर्सिका आणि सार्डिनियाच्या मधल्या सामुद्रधुनीत वारा पडला, जहाज जागच्या जागी उभं. सिसिलीत तापाने मरता मरता वाचलेला माणूस घरी निघालाय आणि जहाज हलत नाही. मी सेवाग्रामला जातो तेव्हा मला हे आठवतं, कारण तिथे दुपारी अगदी तसाच वारा पडलेला असतो. मे महिन्यात तर विचारूच नका.

वऱ्हाडी_ठेचा

मी ख्रिश्चन नाही, पण धागा पुरा वाचला. मले एक सांगा जी, रागावू नका. हिस्लॉप कॉलेजात होतो तेव्हा मोहननगरचा एक दोस्त होता, नाताळात त्याच्यासंगं कॅरोल पार्टीत रात्रभर फिरलो. केक लय खाल्ला. पण गाणे सगळे साहेबाच्या चालीवरचे. आपल्या मातीतलं काही नाही का तुमच्यात? भजन, अभंग? की मी नीट ऐकलं नाही?

अभंगवेडी

दादा, तुम्ही केकच खाल्ला, हे खरं :)

'केवढे हे क्रौर्य' शाळेत पाठ केली होती ना? जखमी पक्षिणीची कविता? ती ना. वा. टिळकांची. तेच टिळक मराठी ख्रिस्ती मंडळीत आजही दर रविवारी गायले जातात. 'उपासना संगीत' उघडलं तर पानोपानी तेच. ओव्या, अभंग, पदं, साक्या, सगळं आहे. शिवाय अहमदनगरचे कृष्णा रत्नाजी सांगळे आहेत, ज्यांची पदं ख्रिस्ती कीर्तनात टाळ-मृदंगावर रंगतात.

आणि यात नागपूरही आहे. टिळक इथे आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत समोर एक गोरा माणूस बसला होता. दोघांच्या गप्पा रंगल्या, कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा. मी हावडा मार्गावरच्या गाडीने गोंदियाकडे जाते तेव्हा समोरच्या बाकावर कोण बसलंय ते उगीच बघून घेते. आजवर फक्त संत्री सोलणारे भेटले.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढच्या काही वर्षांत काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे'त आहे. तिकडे नुसता भक्तीचा गजर नाही, नवऱ्याने धर्म बदलला म्हणून एकटी पडलेली बाई आहे, आणि तरी पानापानावर हसवते. टिळकांची भक्तिगीतं गाताना मला त्या आठवतातच. आम्ही गातो त्या शांत ओळींची किंमत आधी त्यांच्या घरात मोजली गेली.

टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून त्यांचं गीत गाताना टाळ उचलावासा वाटतो, ऑर्गन नाही. मला विचाराल तर इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं मला कधी आपली वाटली नाहीत. ऱ्हस्वाचं दीर्घ करून, शब्द ताणून ताणून मापात कोंबलेले असतात.

पेटीमास्तर

ताणलेले असतात, मान्य. पण पन्नास वर्षं ताणून गायल्यावर ते ताणणंच आपलं होतं, हेही बघा.

नागपूरचा प्रकार आणखी वेगळा. हे जुन्या मध्य प्रांताचं राजधानीचं शहर, मंडळीत निम्मे हिंदी, निम्मे मराठी. आमच्याकडे वर्षातून एकदा एकत्र उपासना असते. तेव्हा 'व्हॉट अ फ्रेंड'ची चाल लावली की उजवीकडचे बाक 'यीशु कैसा दोस्त प्यारा' म्हणतात, डावीकडचे मराठी, आणि मागे अजनीच्या रेल्वे कॉलनीतले दोन म्हातारे इंग्रजीत. तिघे एकदम संपवतात. मी पेटीवर नुसता भाता मारत बसतो.

आणि बघा, स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ला नागपुरात आले तेव्हा त्यांच्या फ्री चर्चमध्ये वाद्य चालत नसे, ते मुख्यतः बायबलातली स्तोत्रंच गात, तीही नुसत्या गळ्याने. म्हणजे साहेबाची पहिली चाल इथे पेटीविनाच आली. पेटी आपण चढवली.

शंकासूर

धागा चांगला चाललाय, पण एक खडा टाकतो.

या गीतांमागच्या 'हृदयस्पर्शी' कहाण्या व्हॉट्सअॅपवर फिरतात ना, त्यांचा मला वीट आलाय. 'अमेझिंग ग्रेस' घ्या. कहाणी अशी की गुलामांच्या जहाजावरचा जॉन न्यूटन वादळात सापडला, देवाचा धावा केला, धंदा सोडला, गीत लिहिलं. प्रत्यक्षात वादळ १७४८चं. त्यानंतर हा गृहस्थ स्वतः कप्तान होऊन गुलाम वाहत राहिला आणि १७५४ला थांबला, तेही तब्येतीमुळे. गीत १७७३च्या पहिल्या जानेवारीच्या उपदेशासाठी, ओल्नी गावात. गुलामीविरुद्ध पुस्तिका १७८८ला. म्हणजे वादळ ते पश्चात्ताप चाळीस वर्षं! आज गातो ती चाल त्याची नव्हेच, ती १८३५ला अमेरिकेत त्या शब्दांना जोडली गेली. दहा हजार वर्षांचं ते शेवटचं कडवंही त्याचं नाही.

'इट इज वेल' तसंच. होरेशियो स्पॅफर्ड, शिकागोचे वकील. १८७१च्या आगीत पैसा गेला, १८७३ला जहाज बुडून चार मुली गेल्या, बायको वाचली, तिची तार आली: एकटीच वाचले. इथपर्यंत खरं. आणि गीत लिहिलं, तेही खरं. पण पुढे १८८०ला मुलगाही तापाने गेला आणि ते शिकागो सोडून जेरुसलेमला गेले, हे कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण मग 'सर्व ठीक आहे'वर पडदा पाडता येत नाही. चाल बांधणारे फिलिप ब्लिस १८७६ सालच्या डिसेंबरात रेल्वे अपघातात गेले.

माझं म्हणणं एवढंच की गाणं गा, कहाणी सोडा. ताईंनाही सांगतो, त्या नोंदींमागे काही मोठी कथा निघेलच असं नाही.

अभंगवेडी

चाळीस वर्षं लागली हेच तर मला खरं वाटतं. एका वादळात सुधारणारी माणसं मी पाहिलेली नाहीत.

सदरची_लेक

शंकासूर, मोठी कथा मला नकोच आहे. खोडलेल्या ओळीचं कारण कळलं तरी पुरे. माझ्या डोक्यात मात्र काहीबाही येतंय. 'पूर्ण' म्हणजे पेशंट 'पूर्ण' झाला, गाणं संपेपर्यंत गेला, असं तर नसेल? काल रात्री मी त्या पानावर सगळे 'पूर्ण' मोजले. अकरा आहेत. झोप लागली नाही.

पेटीमास्तर, संडे स्कूल नसावं. आई रविवारी सकाळी ड्युटीवरून येऊन झोपायची.

निवृत्त_सिस्टर

मुली, आधी ते मोजणं बंद कर. सांगते.

मी तुझ्या आईला ओळखत होते की नाही ठाऊक नाही, पण वही ओळखली. माझीही होती, वाळवीने खाल्ली. ते खाटांचे नंबर आहेत.

आमच्या वेळी रात्री नऊ ते सकाळी सात पाळी. जनरल वॉर्डात तीस खाटा, एक स्टाफ नर्स आणि एक आया. बारानंतर दिवे मालवायचे, टेबलावर एक बल्ब, त्याला वर्तमानपत्राची टोपी. मग राऊंड. सलाईन बघ, बेडपॅन दे, सिलिंडरची चावी फिरव. फिरताना हळू आवाजात गायचं. भक्ती म्हणून म्हण, पण खरं कारण असं की पेशंटला अंधारात कळायला हवं की सिस्टर जागी आहे आणि कुठे आहे. गाणं जवळ येतंय, लांब जातंय, यावरून त्यांना समजायचं. तेवढ्यानेच निम्मे झोपायचे.

'१४ – दोन कडवी' म्हणजे चौदा नंबरला दोन कडव्यांत झोप लागली. दुसऱ्या रात्री एकाच कडव्यात लागली, म्हणजे सुधारतोय. रिपोर्ट बुकात हे लिहिता येत नाही, मेट्रन ओरडेल. म्हणून वहीत. डॉक्टर सकाळी विचारायचे, याला झोपेची गोळी सुरू करू का, तेव्हा आम्ही सांगायचो नको, हा गोळीविना झोपतो.

'पूर्ण' म्हणजे पूर्ण गाणं म्हणून झालं तरी टक्क जागा. एवढंच. अकरा जण जागे राहिले, मेले नाहीत. आमच्यात कुणी गेलं की त्या रात्री वहीत कोणी काही लिहीत नसे.

'फक्त चाल' म्हणजे शब्द नाहीत, गुणगुणायचं. आमच्याकडे सगळ्या जातिधर्माचे पेशंट. माणूस आडवा पडलेला असताना त्याला वाटू नये की ही बाई माझ्या गळी धर्म उतरवतेय. वरून तसा हुकूम नव्हता हो, उलट पाळकसाहेबांना शब्द आवडले असते. आमचं आम्हीच ठरवलेलं. आणि खरं सांगू, तापात फणफणलेल्याला शब्द नकोच असतात.

आता ती खोडलेली ओळ. तिचा अर्थ काय? बाकीचे मदत करणारे हात टेकतात तेव्हा. अगं, रात्री दोन वाजता पेशंटच्या उशाशी उभी राहून नर्सनेच म्हणायचं की मदत करणारे हात टेकतात? आम्ही तिथे हसायचो. माझी एक सोबतीण म्हणायची, ही ओळ गायची तर आधी राजीनामा द्या. ती ओळ सगळ्या जणी गुणगुणूनच काढायच्या. आणि शेवटचं कडवं, मिटणाऱ्या डोळ्यांसमोर क्रूस धर, ते वॉर्डात कोण ऐकवेल? ते चर्चसाठी.

गीत चुकीचं नाही. लाइटसाहेब स्वतः खाटेवर होते, त्यांना ते म्हणायचा हक्क होता. आम्ही खाटेच्या बाजूला उभ्या होतो.

शंकासूर

सिस्टर, खडा परत घेतो.

वऱ्हाडी_ठेचा

माही माय मेयोत भरती होती तेव्हा तिथली एक सिस्टर अशीच काही गुणगुणे. मले वाटे रेडिओ कुठं सुरू आहे. आता काय बोलू जी.

कामठीकर

वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की त्या वॉर्डात रात्री पंखे होते का.

निवृत्त_सिस्टर

दोन होते. एक चालायचा.

सदरची_लेक

दोन दिवस इथे आले नाही. वही घेऊन बसले होते.

सिस्टर, पुढची पानंही आता वाचता येतात. एका पानावर २२ नंबर सलग नऊ रात्री आहे, दर वेळी 'फक्त चाल'. दहाव्या रात्री '२२ – शब्द मागितले'. त्यापुढे तीन कडव्यांच्या टिंबांची रांग आणि मग २२ दिसत नाही. घरी गेला असेल. पान पुढे कोरं नाही, त्याच रात्री ९ नंबर आहे, म्हणजे तुमच्या हिशेबाने तो घरीच गेला.

आणखी एक आठवलं. शेवटच्या महिन्यात आई घरीच होती, मी रात्री पाय दाबत बसायचे. एकदा तिने सांगितलं, काहीतरी म्हण. मी हेच म्हटलं, आणि शाळेत शिकले तसं स्वच्छ उच्चारात, सगळ्या ओळी घेऊन. तिसऱ्या ओळीला तिने माझ्या मनगटावर दोनदा टिचकी मारली. मला वाटलं सूर चुकला. मी ती ओळ पुन्हा नीट सुरात म्हटली, तर पुन्हा टिचकी.

येत्या रविवारी दुपारी घरी छोटी प्रार्थना ठेवलीय. पेटीमास्तर, तुम्ही याल का? पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते.

पेटीमास्तर

येतो. कोणत्या पट्टीत धरू? माझ्या पेटीची सफेद एक जरा बसलीय.

सदरची_लेक

काळी एक धरा, आईचा आवाज खालचा होता. तिसऱ्या ओळीला सगळे फक्त गुणगुणणार आहोत. शब्द थांबले म्हणून तुम्ही भाता सोडू नका.

वऱ्हाडी_ठेचा

मी आलो तर चालते का?

सदरची_लेक

या ना जी. या वेळी केक नाही, पोहे आहेत. तर्रीवाले.